पहिले साठ हजार
(युवा अभ्यास शिबिरातील भाषणाचं शब्दांकन)



परदेशी शिक्षणाच्या खर्चाबद्दल बोला, असं मला सांगितलं गेलं. सकाळी आयोजकांनी तुमच्या चिठ्ठ्या माझ्या हातात दिल्या. त्यांतल्या निम्म्याहून जास्त चिठ्ठ्यांत शब्द वेगळे असले तरी प्रश्न एकच आहे: 'मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी कोणती शिष्यवृत्ती आहे?' त्याचं उत्तर आधी देऊन टाकतो, कारण ते छोटं आहे आणि फार सुखद नाही.

'पढो परदेश' नावाची केंद्र सरकारची योजना २०१३-१४ मध्ये सुरू झाली होती. तिची माहिती देणारा एक मेसेज व्हॉट्सअपवर अजूनही फिरतो. मला तो वर्षातून तीन-चारदा येतो, प्रत्येक वेळी 'जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा' या सूचनेसकट. कृपया तो पुढे पाठवू नका. २०२२-२३ पासून ती योजना बंद आहे. त्याच सुमारास संशोधन करणाऱ्यांसाठीची मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिपही बंद झाली. अशा इतर योजना आहेतच, दुबार होतं, असं कारण सरकारने संसदेत दिलं.

दुबार होतं की नाही हे शब्दांनी नाही, आकड्यांनी बघू. मी संगणकवाला आहे, मला तेच जमतं. पढो परदेश ही शिष्यवृत्ती नव्हतीच. शैक्षणिक कर्ज तुम्हीच काढायचं. अभ्यासक्रमाची वर्षं आणि त्यानंतरचं एक वर्ष, किंवा नोकरी लागल्यानंतरचे सहा महिने, यांपैकी जे आधी येईल तोवरचं व्याज सरकार भरणार. समजा, २० लाखांचं कर्ज आहे, दर ११ टक्के. पूर्ण रक्कम पहिल्याच दिवशी उचलली असं धरलं तर वर्षाला २ लाख २० हजार व्याज. दोन वर्षांचा अभ्यासक्रम आणि पुढचं एक वर्ष मिळून ६ लाख ६० हजार. हे कुणी भरलं नाही तर ते मुद्दलात मिसळतं आणि फेड सुरू होते तेव्हा तुमच्या डोक्यावर २६ लाख ६० हजार असतात. दहा वर्षांच्या हप्त्याचा हिशोब केला, तर २० लाखांना महिन्याला साधारण २७ हजार ५०० आणि २६ लाख ६० हजारांना साधारण ३६ हजार ६००. फरक नऊ हजारांचा, आणि तोही दहा वर्षं दरमहा. भिवंडीत किंवा मालेगावात यंत्रमागावर काम करणाऱ्या माणसाच्या घरात नऊ हजार म्हणजे काय, हे इथे मी सांगायची गरज नाही.

मग आता काय उरलंय? तीन गोष्टी उरल्यात आणि तिन्हींची आपल्या मोहल्ल्यात चर्चा फार कमी होते.

पहिली, राज्य सरकारची. महाराष्ट्राच्या अल्पसंख्याक विकास विभागाने परदेशी पदव्युत्तर आणि पीएचडीच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती सुरू केली आहे. वर्षाला २७ विद्यार्थी. क्यूएस क्रमवारीत पहिल्या २०० मध्ये असलेल्या विद्यापीठात प्रवेश मिळालेला हवा आणि कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं. २७ जागा फक्त मुस्लिमांच्या नाहीत, त्या सगळ्या अल्पसंख्याकांच्या मिळून आहेत: बौद्ध, ख्रिस्ती, जैन, शीख, पारशी, ज्यू, सगळे. २०११ च्या जनगणनेत या राज्यात मुस्लिमच सुमारे १ कोटी ३० लाख होते. म्हणजे जागा किती अपुऱ्या आहेत ते दिसतंच. तरीही मी म्हणेन अर्ज करा, कारण मिळाली तर ती खरी शिष्यवृत्ती आहे, कर्ज नाही. आणि जागा वाढवा अशी मागणी करायला गेलं की पहिला प्रश्न येतो, 'अर्ज किती आले?' त्या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे असायला हवं.

दुसरी गोष्ट जरा जास्त वेळ घेऊन सांगतो. तुमच्यापैकी कितीजण तांबोळी, बागवान, अत्तार, पिंजारी, मोमीन-जुलाहा, मण्यार आहेत? हात वर करा. (बरेच हात वर होतात.) यातल्या कितीजणांकडे इतर मागासवर्गीय असल्याचा दाखला आहे? पाहा, निम्मे हात खाली गेले. महाराष्ट्रात या बिरादऱ्या इतर मागासवर्गाच्या यादीत आहेत. छप्परबंद तर विमुक्त जातींच्या यादीत आहेत. हे आपोआप झालेलं नाही. शब्बीर अन्सारी, विलास सोनवणे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी मुस्लिम ओबीसी चळवळ उभी केली, दिलीपकुमार यांच्यासारखा नट तिच्यासाठी गावोगाव सभांना गेला. आणि ज्यांच्यासाठी हे केलं त्यांची मुलं आज मला सांगतात, 'भाई, इस्लाममध्ये जात नसते, आम्ही दाखला कशाला काढू?' इस्लाममध्ये नसेल, तहसील कचेरीत आहे. राज्याच्या इतर मागास बहुजन कल्याण विभागाची स्वतंत्र परदेश शिष्यवृत्ती आहे. ती इतर मागासवर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गासाठी आहे आणि तिच्यात धर्म विचारत नाहीत. तुम्ही त्या प्रवर्गात बसत असाल, तर 'अल्पसंख्याकांचं काय आहे' एवढंच विचारून थांबण्यात स्वतःचंच नुकसान आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे राष्ट्रीय अल्पसंख्याक विकास आणि वित्त महामंडळाचं शैक्षणिक कर्ज. महाराष्ट्रात ते मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळामार्फत येतं. परदेशी शिक्षणासाठी मर्यादा ३० लाख. कमी उत्पन्नाच्या गटाला ३ टक्के व्याज. त्यावरच्या गटात मुलांना ८ टक्के आणि मुलींना ५ टक्के. बँकेच्या ११ टक्क्यांच्या शेजारी हे आकडे ठेवून पाहा. वेळ लागतो, जामीनदार लागतो, खेटे घालावे लागतात. म्हणून प्रवेशाचं पत्र हातात आल्यावर तिथे जायचं नसतं. प्रवेशासाठी अर्ज करतानाच जाऊन कागदांची यादी आणायची असते.

कागद! यावर खरं तर वेगळं शिबिर घ्यायला हवं. योजना माहीत नाही म्हणून जितकी मुलं मागे राहतात, त्याहून जास्त कागदांमुळे राहतात, असं मी गेली काही वर्षं मुलांचे अर्ज बघून म्हणतो. सगळ्यात आधी नाव. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव पुढे, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं: 'शेख इरफान अब्दुल रहीम'. आधारवर 'इरफान शेख'. पासपोर्टवर 'मोहम्मद इरफान', आडनावाची जागा रिकामी. अब्बांच्या रेशनकार्डावर 'शेक'. इंग्रजी स्पेलिंगचे तर चार प्रकार. 'मोहम्मद' कुठे पूर्ण, कुठे तीन अक्षरांत, कुठे मध्ये टिंब. आपल्याला वाटतं, एकच तर माणूस आहे, समजून घेतील. हॅम्बुर्गमधली प्रवेश विभागातली बाई समजून घेत नाही. तिच्यासमोर दोन माणसं असतात. बँकेतला अधिकारी समजून घेतो, पण त्याचं संगणकातलं फॉर्म समजून घेत नाही. म्हणून आजच घरी जाऊन दहावीची गुणपत्रिका, आधार, पॅन आणि पासपोर्ट टेबलावर शेजारी शेजारी ठेवा. जुळत नसतील तर दुरुस्ती आता करा. राजपत्रात नाव बदलाची नोंद, प्रतिज्ञापत्र, जे लागेल ते. ऐनवेळी हे होत नाही.

दुसरा कागद उत्पन्नाचा. आपल्याकडे वडील फळांची गाडी लावतात, गॅरेज चालवतात, शिवणकाम करतात. कमाई आहे, पण आयकर विवरणपत्र नाही. 'कर लागतच नाही, मग भरायचं कशाला?' असं अब्बा म्हणतात आणि त्यांच्या परीने ते बरोबर असतात. पण बँक सहकर्जदाराची मागच्या काही वर्षांची विवरणपत्रं मागते. आणि ती मागच्या वर्षांची आज तयार करता येत नाहीत. जो मुलगा किंवा मुलगी आज अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात आहे, तिने या वर्षीच अब्बांचं विवरणपत्र भरायला लावावं. कर शून्य असला तरी. शिष्यवृत्तीला कमी उत्पन्नाचा दाखला लागतो आणि कर्जाला पुरेसं उत्पन्न दाखवावं लागतं, हा विरोधाभास तुमच्या लक्षात आलाच असेल. त्यावर उपाय म्हणून काहीजण दोन ठिकाणी दोन आकडे देतात. देऊ नका. एकदा पकडलं गेलं की दोन्ही जातं. खरा आकडाच दोन्हीकडे द्या आणि सहकर्जदार म्हणून मामा, चुलते, पगारदार मोठी बहीण, कुणी मिळतं का ते बघा.

तिसरा कागद घराचा. बँका साधारण साडेसात लाखांपर्यंत तारण मागत नाहीत. त्यापुढे बहुतेक ठिकाणी तारण आलं. घर आहे की, असं आपण म्हणतो. ते घर आजोबांच्या नावावर असतं, आजोबांना जाऊन वीस वर्षं झालेली असतात आणि वारस चौदा असतात. किंवा जागा गुंठेवारीतली असते. अशा घरात जन्म होतात, लग्नं होतात, पण बँकेच्या लेखी ते घर नसतंच. वारस नोंद ही काही परदेशी शिक्षणाची पायरी वाटत नाही, पण आपल्या वस्त्यांत ती पहिल्या पायऱ्यांपैकी एक आहे. फुफींच्या सह्या घ्यायच्या तर त्यांचा हिस्साही द्यावा लागेल, हे मी जाता जाता म्हणून ठेवतो. कुराणाने दिलेला आहे, आपण दिलेला नाही.

आता चिठ्ठ्यांतला प्रश्नच बदलू. 'मुस्लिमांसाठी काय आहे' याच्या बाहेर पडलं की पसारा एकदम मोठा होतो. जिथे धर्म विचारतच नाहीत तिथे खरे पैसे आहेत.

युरोपियन युनियनची इरॅस्मस मुंडस जॉइंट मास्टर्स घ्या. दोन किंवा अधिक देशांतल्या विद्यापीठांत मिळून शिकायचं, शुल्क नाही, विमा त्यांचा आणि महिन्याला १,४०० युरो, जास्तीत जास्त २४ महिने. सोयीसाठी युरो शंभर रुपयांचा धरला तर महिना १ लाख ४० हजार. भारतीय विद्यार्थ्यांना ही शिष्यवृत्ती दरवर्षी मोठ्या संख्येने मिळते. अर्ज साधारण ऑक्टोबर ते जानेवारीत होतात, म्हणजे शेवटच्या वर्षाची परीक्षा व्हायच्या आधीच. ब्रिटनची चेवनिंग एका वर्षाच्या मास्टर्सचा संपूर्ण खर्च देते, पण २,८०० तासांचा, म्हणजे जवळपास दोन वर्षांचा, कामाचा अनुभव मागते आणि नंतर दोन वर्षं आपल्या देशात परत येण्याची अट घालते. जर्मनीच्या डाडची विकासविषयक अभ्यासक्रमांची शिष्यवृत्तीही किमान दोन वर्षांचा अनुभव बघते. या अनुभवाच्या अटींचा आपल्या मुलांना राग येतो. मला त्या आपल्या सोयीच्या वाटतात. आपल्याकडची बहुतेक मुलं पदवीनंतर लगेच घराला हातभार लावायला नोकरी करतातच. ती वर्षं वाया गेली असं समजायचं नाही, ती वर्षं हीच पात्रता आहे. फुलब्राइट-नेहरूच्या मास्टर्ससाठी मात्र विषयांची यादी ठरलेली असते; अर्ज भरण्याआधी ती वाचा, अभियंत्यांची तिथे निराशा होते.

बारावीतली मुलं इथे आहेत, त्यांच्यासाठी एक वेगळी गोष्ट. अमेरिकेत पदवीचं शिक्षण अफाट महाग आहे हे खरं. पण हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, डार्टमथ, ॲम्हर्स्ट, बोडन अशा काही संस्था परदेशी विद्यार्थ्याचाही अर्ज त्याची ऐपत न बघता तपासतात आणि घेतलंच तर जेवढी गरज असेल तेवढी मदत देतात. ती मदत अनुदान असते, गुणवत्तेचं बक्षीस नव्हे. कुटुंबाची परिस्थिती पाहून ठरते. प्रवेश मिळणं अतिशय कठीण आहे, शंभरातल्या मोजक्याच जणांना मिळतो. पण 'गरीब आहोत म्हणून अर्ज नको' हे कारण निदान तिथे चालत नाही. आणि अभियांत्रिकी किंवा विज्ञानाची पदवी घेऊन अमेरिकेत जायचंच असेल तर मास्टर्सऐवजी थेट पीएचडीचा विचार करा. मास्टर्सला बहुधा तुम्ही विद्यापीठाला पैसे देता. पीएचडीला विद्यापीठ शुल्क माफ करून शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाचे पैसे तुम्हाला देतं. पाच-सहा वर्षं जातात, हेही खरं.

एका गोष्टीपासून सावध करतो. पत्र येतं: 'अभिनंदन! तुम्हाला ३,००० पौंडांची शिष्यवृत्ती मंजूर झाली आहे.' घरात मिठाई वाटली जाते. मग कळतं की शुल्क २० हजार पौंड आहे आणि ही शिष्यवृत्ती जवळपास प्रत्येक परदेशी अर्जदाराला आहे. ईदच्या सेलमध्ये आधी कपड्याची किंमत वाढवून मग सूट देतात, त्यातलाच प्रकार. शुल्कातली सूट आणि शिष्यवृत्ती यांतला फरक ओळखायला एकच प्रश्न पुरतो: सगळं वजा जाता माझ्या खिशातून पहिल्या वर्षी किती जाणार? त्यात राहणं, खाणं, ब्रिटनचा वर्षाला ७७६ पौंडांचा आरोग्य अधिभार, व्हिसा, तिकीट, सगळं धरायचं. हा आकडा जो सल्लागार कागदावर लिहून देत नाही, त्याच्या दुकानात बसू नका. सल्लागार फुकट सेवा देतो म्हणजे त्याला दुसरीकडून, बहुतेक वेळा विद्यापीठाकडूनच, कमिशन मिळतं. ते बेकायदा नाही. पण जिथे शुल्क नाही किंवा पूर्ण शिष्यवृत्ती आहे, तिथलं नाव तो तुम्हाला का सुचवेल?

शुल्क नाही म्हणजे अर्थातच जर्मनी. तिथे मी दोन वर्षं शिकलो, त्यामुळे थोडं खात्रीने सांगतो. बहुतेक सरकारी विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यालाही शिकवणी शुल्क नाही, सत्राचा किरकोळ आकार असतो. अपवाद आहेत: बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो आहेत, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४ पासून शुल्क लावलंय. व्हिसासाठी वर्षभराचा राहण्याचा खर्च, सध्या ११,९०४ युरो, तिथल्या एका बंद खात्यात आधी जमा करावा लागतो. बारा लाख म्हटल्यावर आपल्याकडे घरातलं बोलणंच थांबतं. पण हे शुल्क नाही, ते तुमचेच पैसे आहेत. दरमहा ९९२ युरो तुम्हालाच परत मिळतात. विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण दिवस काम करता येतं, त्यामुळे दुसऱ्या वर्षाची तजवीज बऱ्याच मुलांची तिथेच होते. म्हणजे प्रश्न बारा लाख मिळवण्याचा नसून बारा लाख काही काळ उभे करण्याचा आहे. हे दोन प्रश्न एक नव्हेत.

आणि इथे तो विषय येतो, जो चिठ्ठ्यांत चारजणांनी लिहिलाय आणि चौघांनीही नाव लिहिलेलं नाही. व्याज.

मी आलिम नाही. फतवा देणं माझं काम नाही आणि इतरांनी मोबाइलवर दिलेले फतवे वाटणंही नाही. एवढं माहीत आहे की व्याज घेणं-देणं हराम यावर आपल्या परंपरेत दुमत नाही; शिक्षणाची गरज ही 'जरूरत'च्या कक्षेत येते का, यावर मात्र आजच्या आलिमांत मतभेद आहेत. ज्याचं मन कर्जाला तयार नाही, त्याला मी दहा मिनिटांत पटवणार नाही, पटवायचंही नाही. त्याला मी म्हणेन, तुझ्यासाठी वाटा बंद नाहीत: पूर्ण शिष्यवृत्ती आहे, शुल्क नसलेला देश आहे, पगारी पीएचडी आहे. मुंबईच्या के. सी. महिंद्रा एज्युकेशन ट्रस्टची पदव्युत्तर शिक्षणासाठीची मदत तर बिनव्याजी कर्जाच्या रूपातच असते. जे. एन. टाटा एन्डाउमेंट १८९२ पासून कर्ज-शिष्यवृत्ती देतं, के. आर. नारायणन लंडनला शिकायला गेले ते त्याच्याच मदतीने. त्याच्या अटी वाचून तुम्हीच ठरवा. जेद्दाहची इस्लामी विकास बँक सदस्य नसलेल्या देशांतल्या मुस्लिम समुदायांसाठीही शिष्यवृत्ती चालवते. आणि ज्याने सगळा विचार करून बँकेचं कर्ज काढलं, त्याच्या घरी जाऊन त्याच्या अम्मीला गुन्ह्याची जाणीव करून देण्याचा हक्क कुणालाच नाही. विशेषतः ज्यांनी मुलीच्या लग्नाचा हॉल सावकाराच्या पैशाने घेतलाय त्यांना तर अजिबात नाही.

सर सय्यद अहमद खान यांची गोष्ट मला इथे नेहमी आठवते. त्यांचा मुलगा सय्यद महमूद याला इंग्लंडला शिकायला सरकारी शिष्यवृत्ती मिळाली, १८६९ मध्ये. मुलासोबत आपणही जाऊन तिथली विद्यापीठं बघावीत म्हणून सर सय्यदांनी स्वतःची पुस्तकं विकली, घर गहाण टाकलं. शिष्यवृत्ती एकाची आणि घर दुसऱ्याचं, असं मिळूनच ते झालं. अलीगढचं कॉलेज त्यानंतरचं. आपल्या इकडे शाहू महाराजांनी १९०६ मध्ये कोल्हापुरात मुस्लिम बोर्डिंग काढलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबियाला गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. कुणीतरी पैसे उभे केल्याशिवाय एकही मोठं शिक्षण झालेलं नाही. म्हणून मदत मागण्यात कमीपणा आहे ही कल्पना मला कळत नाही. अनेक आलिमांच्या मते गरजू विद्यार्थ्याला जकातही देता येते. आपले ट्रस्ट मात्र शाळेची फी आणि वह्या यांच्या पुढे क्वचित जातात.

कर्ज काढणाऱ्यांना एकच व्यावहारिक गोष्ट सांगतो. हप्ता फेडता येईल का, हे भारतातल्या पगारावर तपासा, तिथल्या नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलरचं शुल्क लावलं. ब्रिटन शिक्षणानंतर राहण्याची मुदत कमी करतंय. तुम्ही विमानात बसता तेव्हाचा नियम उतरताना राहीलच असं नाही. २५ लाखांचं कर्ज पुण्यातल्या नोकरीत फिटत नसेल, तर ते कर्ज मोठं आहे.

अर्जातल्या निबंधाबद्दल थोडंसं. एका मुलाचा निबंध मी वाचत होतो; नेतृत्वाचं उदाहरण द्या, असा प्रश्न होता. त्याने कॉलेजच्या टेक-फेस्टचं लिहिलं होतं, त्यात तो स्पॉन्सरशिप समितीत होता. बोलता बोलता कळलं की कोविडच्या दुसऱ्या लाटेत हा आणि त्याचे सहा मित्र रात्रभर मृतदेह पोहोचवत होते, कब्रस्तानात आणि स्मशानातही. 'हे का नाही लिहिलंस?' तर म्हणतो, 'सर, ती काय अचिव्हमेंट आहे? ते तर करायलाच पाहिजे होतं.' आपल्या मुलांना आपण हेच शिकवलंय आणि ते चांगलंच शिकवलंय, पण निवड समितीला हे सांगावं लागतं. मोहल्ल्यात शिकवणी घेणारी मुलगी, रेशनकार्डांचं शिबिर भरवणारा मुलगा, यांच्याकडे लिहायला भरपूर आहे. गरिबी विकू नका, रडगाणं नको. काय केलं, किती लोकांसाठी, काय अडलं, पुढे काय, एवढं साध्या भाषेत. आणि शिफारसपत्र देताना प्राध्यापक म्हणतील 'तूच लिहून आण, मी सही करतो.' त्यांना नम्रपणे तुमच्या कामाचे मुद्दे लिहून द्या, पत्र त्यांनाच लिहू द्या. तेही कॉलेजच्या अधिकृत ईमेलवरून.

मुलींच्या बाबतीत पैशाचा हिशोब वेगळा होतो, तोही उघड बोलायला हवा. पैसे नसतात म्हणून मुलगी थांबते असं सांगितलं जातं. पण बऱ्याच घरांत पैसे असतात, ते दुसऱ्या नावाने ठेवलेले असतात. सोनं केलेलं असतं, जहेजसाठी भांडी, कपाट, फ्रीज वर्षानुवर्षं जमवलेलं असतं. एक मुलगी, वडिलांचं छोटं किराणा दुकान, तिने अब्बांसमोर वही ठेवली. एका पानावर लग्नाचा अंदाजे खर्च, दुसऱ्या पानावर जर्मनीचं बंद खातं. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे होते. अब्बा आठ दिवस काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'हे दुसऱ्या पानावरचे परत येतात म्हणतेस ना?' ती आज ड्रेस्डेनमध्ये शिकते. सगळ्यांचे अब्बा असे नसतात हे मलाही माहीत आहे. पण वही सगळ्यांना मांडता येते.

आता ज्या आकड्यासाठी मी खरं म्हणजे आलो, त्याकडे येतो. मुलं ३० लाखांवर अडतात असं आपण समजतो. माझ्या अनुभवात ती त्याच्या फार आधी अडतात. जर्मनीचंच उदाहरण घ्या. पासपोर्ट १,५०० रुपये. इंग्रजीची आयईएलटीएस परीक्षा अठरा हजारांच्या आसपास. भारतीय पदवी तपासणाऱ्या एपीएसचं शुल्क १८ हजार. युनि-असिस्टमार्फत पाच विद्यापीठांना अर्ज केले तर पहिल्याला ७५ आणि पुढच्या प्रत्येकाला ३० असे १९५ युरो, म्हणजे साडेएकोणीस हजार. वर गुणपत्रिकांच्या प्रमाणित प्रती, कुरिअर. झाले साठ हजार. यातलं काहीही कोणतीही बँक देत नाही, कारण अजून प्रवेशच झालेला नाही. शिष्यवृत्तीही देत नाही, कारण अजून निवड झालेली नाही. आणि प्रवेश नाहीच मिळाला तर हे पैसे गेले. ज्या घरात महिन्याचे पंधरा-वीस हजार येतात, त्या घरातली मुलगी अशी रक्कम अनिश्चित गोष्टीसाठी अब्बांकडे मागतच नाही. ती 'मला इंटरेस्ट नाही' असं म्हणते. आपणही मान्य करतो. कुठल्याही सरकारी आकडेवारीत ही मुलगी येत नाही, कारण तिने अर्जच केलेला नसतो.

तीस लाख आपल्या संघटनेच्या आवाक्यात नाहीत. साठ हजार आहेत. सहा लाखांचा फिरता निधी उभा केला तर एका वर्षात दहा मुलांचे अर्ज जाऊ शकतात. कर्ज-ए-हसना, बिनव्याजी, नोकरी लागली की जमेल तसं परत, प्रवेश मिळाला नाही तर तगादा नाही. निवड करताना वडिलांची बिरादरी किंवा मस्जिद कोणती हे विचारायचं नाही आणि निम्मी रक्कम मुलींसाठी बाजूला ठेवायची, एवढ्या दोन अटी मी मांडल्या आहेत. कार्यकारिणीत यावर वाद झाला, विशेषतः दुसऱ्या अटीवर. तो वाद दुपारच्या सत्रात तुमच्यासमोरच व्हावा असं मी सुचवलंय आणि अध्यक्षांनी मान्य केलंय. तेव्हा हिशोबाची वहीही आणू.

ज्यांनी पासपोर्ट आणि दहावीची गुणपत्रिका सोबत आणली आहे, त्यांनी जेवणाच्या सुट्टीत मागच्या टेबलावर या. नावं जुळतात का, तेवढं आजच तपासून टाकू.